लाल मातीतील विद्या

कोणतीही विद्या पूर्णत्वाला पोचली म्हणजे ती पाहणाऱ्याला सोपी वाटू लागते. कुंभार चाकावर मातीचा गोळा ठेवतो आणि पाहता पाहता त्यातून सुबक घट वर उचलतो. पाहणाऱ्याला वाटते, यात अवघड ते काय? परंतु तोच गोळा आपल्या हाती आला की तो चाकावरून कधी कलंडतो, कधी फाटतो आणि मग कुंभाराच्या बोटांत किती वर्षांची साधना साठली आहे याची जाणीव होते. खेळांचेही असेच आहे. प्रेक्षकाला दिसतो तो खेळाचा शेवट. त्या शेवटामागे उभी असलेली तयारी, विचार आणि निर्णय त्याच्या दृष्टीला पडत नाहीत.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ अतिशय लोकप्रिय आहे. एकाने चेंडू फेकावा आणि दुसऱ्याने तो दांडूने टोलवावा, इतकेच त्याचे स्वरूप दुरून दिसते. आपल्या विटीदांडूहून त्यात फारसे काही अधिक असेल असे कोणाला वाटणार नाही. परंतु या खेळातील फेकणारा टोलवणाऱ्यापासून अवघ्या साठ फूट सहा इंचांवर उभा असतो आणि त्याचा चेंडू ताशी दीडशे किलोमीटर वेगाने आला, तर टोलवणाऱ्यापर्यंत पोचायला त्याला सुमारे चार दशांश सेकंद पुरतात. एवढ्या अवधीत चेंडू पाहून, विचार करून दांडू फिरवणे मनुष्याला जवळजवळ अशक्य आहे. म्हणून कसलेला खेळाडू फेकणाऱ्याचा खांदा, मनगट व पवित्रा यांवरून चेंडूचा मार्ग आधीच ताडतो. आणि इतके करूनही दहा वेळांपैकी तीन वेळा ज्याचा फटका साधतो, तो त्या देशात उत्तम खेळाडू गणला जातो. साध्या दिसणाऱ्या खेळाच्या पोटात केवढी गुंतागुंत असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

असे उदाहरण शोधण्यासाठी आपल्याला सातासमुद्रापलीकडे जाण्याचे मात्र कारण नाही. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांच्या गावोगावी, जत्रेच्या दिवशी हलगीच्या कडकडाटात जी कुस्ती होते, तिच्यात ही गुंतागुंत काकणभर अधिकच आहे. दोन मल्ल समोरासमोर येतात, हात मिळवतात, झोंबतात आणि थोड्या वेळाने त्यांपैकी एक आकाशाकडे तोंड करून पडलेला दिसतो. 'जो बलवान तो जिंकला' असे म्हणून प्रेक्षक मोकळा होतो. परंतु केवळ बळावर कुस्ती जिंकता आली असती, तर पोती वाहणारा हमाल आणि मोट ओढणारा बैल यांच्याइतका थोर मल्ल दुसरा कोणी झाला नसता.

सांगली जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला आटपाडी तालुका आहे. हा माणदेशाचा भाग. पाऊस बेताचा, जमीन हलकी, माणगंगेचे पात्र वर्षातले कित्येक महिने कोरडे. बाजरी-ज्वारी, शेळ्या-मेंढ्या आणि खिलार जनावरे यांच्या आधाराने येथील माणसांनी पिढ्यान् पिढ्या संसार केले. टेंभू योजनेमुळे कृष्णेचे पाणी आता या मुलखात पोचू लागले आहे आणि डाळिंबाच्या बागा दिसू लागल्या आहेत. तरी अवर्षणाशी झुंजण्याचा या मातीचा स्वभाव जुनाच आहे. पूर्वी हा तालुका औंध संस्थानात होता. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे थोर पुरस्कर्ते होते. त्यांनी स्वतः त्या व्यायामावर ग्रंथ लिहिला आणि आपल्या संस्थानातील शाळांतून सूर्यनमस्कार आवश्यक केले. शरीर हे जन्माने मिळते, पण ते घडवावे लागते, हा विचार या भागात अशा रीतीने शाळेच्या वाटेनेही रुजला. शेजारच्या खानापूर तालुक्यातील भाळवणीचे चंद्रहार पाटील यांनी २००७ व २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे 'महाराष्ट्र केसरी' हा किताब मिळवला, तो याच कोरड्या पट्ट्यातून.

कुस्तीच्या विद्येचा आरंभ होतो तो तालमीत. तालीम म्हणजे मल्लाची शाळा. तिच्या मध्यभागी मातीचा हौदा असतो. ही माती शेतातून उचलून आणली आणि पसरली, असे होत नाही. चांगली तांबडी माती निवडून ती चाळतात, खडे वेचतात आणि तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर असे पदार्थ मिसळून ती मुरवतात. कोणते पदार्थ किती घालावेत, याची रीत तालमीतालमीगणिक निराळी असते. माती फार कोरडी झाली तर अंग सोलते. फार ओली झाली तर पाय रुततो आणि पकड निसटते. म्हणून रोज सकाळी मल्ल प्रथम फावड्याने हौदा उकरतात. हे काम सेवा म्हणून केले जाते खरे, पण त्यातच हातांचा, पाठीचा आणि कमरेचा पहिला व्यायाम घडून जातो.

पुढे मेहनत सुरू होते. जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणे, मुद्गल फिरवणे, मल्लखांब असे तिचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी प्रत्येकाचे प्रयोजन वेगळे. जोरांनी छाती, खांदे व मनगटे तयार होतात. बैठकांनी मांड्यांना बळ आणि छातीला दम येतो. दोर चढल्याने बोटांची पकड घट्ट होते. मल्लखांबावर शरीराला वळण लागते. उलटे झाले तरी आपले अंग कोठे आहे आणि जमीन कोणत्या बाजूला आहे, याचे भान मल्लाला तेथे मिळते. पेशवाईच्या उत्तरकाळी बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नव्याने प्रचारात आणली, ती मुळात मल्लांच्या उपयोगासाठीच. केवळ दंड फुगवणे हा या साऱ्या मेहनतीचा हेतू नव्हे. फुगलेला पण न वळणारा दंड कुस्तीत ओझेच होतो. शरीर बळकट व्हावे आणि त्याच वेळी वेताच्या छडीसारखे लवचीकही राहावे, ही दुहेरी साधना तेथे चालते.

आता डावपेचांकडे वळू. कुस्तीतील बहुतेक डावांच्या मुळाशी सृष्टीचा एक साधा नियम आहे. प्रत्येक वस्तूचा एक गुरुत्वमध्य असतो आणि तो मध्य तिच्या पायाच्या कक्षेत आहे तोवर ती वस्तू उभी राहते. उभ्या माणसाचा पाया म्हणजे त्याची दोन पावले व त्यांमधील जागा. मल्ल गुडघ्यांत वाकून आणि पाय फाकून उभा राहतो, याचे कारण हेच. वाकल्याने त्याचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि पाय फाकल्याने पाया रुंद होतो. प्रतिपक्षाला पाडायचे म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य त्याच्या पायाबाहेर ओढायचा, किंवा त्याच्या गुरुत्वमध्याखालचा पायाच काढून घ्यायचा. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाचे पानही न उलटलेला खेड्यातील वस्ताद हा नियम आपल्या शिष्याला बारकाव्यांसह शिकवत असतो.

'पट काढणे' हा डाव पाहा. यात मल्ल विजेच्या वेगाने खाली वाकून प्रतिमल्लाचे पाय कवेत घेतो आणि त्याचा पायाच उखडतो. 'धोबीपछाड' याच्या अगदी उलट आहे. प्रतिमल्लाचा हात धरून मल्ल गर्रकन वळतो, तो हात आपल्या खांद्यावर घेतो आणि पुढे वाकून, धोबी दगडावर कपडा आपटतो त्याप्रमाणे त्याला पाठीवरून पुढे टाकतो. येथे मल्लाची कंबर तरफेच्या टेकूचे काम करते. टेकू योग्य जागी, म्हणजे प्रतिमल्लाच्या कमरेच्या किंचित खाली बसला, तर आपल्याहून वजनदार माणूसही अलगद उचलला जातो. चार बोटे वर बसला, तर डाव टाकणाराच त्या वजनाखाली दबतो. 'कलाजंग' या डावात मल्ल प्रतिपक्षाच्या हाताखालून शिरून त्याला आपल्या दोन्ही खांद्यांवर आडवे घेतो. 'ढाक', 'टांग', 'भारंदाज', 'एकलंगी', 'घिस्सा', 'निकाल' अशी आणखी कितीतरी नावे आहेत. काही डाव उभ्या कुस्तीचे आहेत, तर काही खाली बसलेल्या मल्लाला उलटवून चीत करण्याचे.

डावांची नावे पाठ केली म्हणजे कुस्ती आली, असे मात्र नाही. प्रत्येक डावाला तोड असते. पट काढण्यासाठी कोणी वाकला, तर समोरचा आपले पाय झटकन मागे फेकतो आणि छातीचा सारा भार त्याच्या पाठीवर टाकतो. मग वाकलेला मल्ल मातीत दबतो व त्याच्यावरच डाव येतो. परंतु कसलेला मल्ल हेही जाणून असतो. तो पट काढण्याचा केवळ बहाणा करतो. समोरचा पाय मागे टाकून पुढे झुकला की, त्या झुकण्याचाच लाभ घेऊन त्याला पुढे ओढतो. म्हणजे पहिला डाव फसवण्यासाठी, दुसरा डाव साधण्यासाठी आणि दुसऱ्याला तोड मिळाली तर तिसरा हाताशी तयार. बुद्धिबळाचा खेळाडू पुढच्या चालींचा विचार करतो, त्यातलाच हा प्रकार. भेद इतकाच की बुद्धिबळात विचार करायला वेळ असतो आणि समोरचा राजा आपली मान दाबून धरत नाही.

मैदानावरील प्रेक्षक ज्याला सर्वाधिक कंटाळतात, तो भाग म्हणजे खडाखडी. दोघे मल्ल एकमेकांच्या मानेवर हात ठेवून, कपाळाला कपाळ भिडवून रेटत असतात. पुढे सरकतात, मागे सरतात, हात झटकतात, पुन्हा भिडतात. 'कुस्ती करा, कुस्ती करा' असा ओरडा सुरू होतो. परंतु जाणता माणूस त्या वेळी डोळ्यांत तेल घालून पाहत असतो. या खडाखडीत मल्ल समोरच्याची परीक्षा घेतो. तो कोणता पाय पुढे टाकतो? मान दाबली तर खाली वाकतो की उलट रेटा देतो? उजव्या हाताने ओढले तर पाऊल कोठे टाकतो? त्याचा श्वास नाकाने चालला आहे की तोंडाने? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत शहाणा मल्ल आपला ठेवणीतला डाव बाहेर काढत नाही. कुस्तीचा निकाल क्षणात लागतो, पण तो क्षण या लांबलेल्या परीक्षेतून जन्माला येतो.

आणखी एक नवल ध्यानात घेण्यासारखे आहे. डोळ्यांनी एखादी गोष्ट पाहून हालचाल करण्यास मनुष्याला साधारणतः एक पंचमांश सेकंद लागतो. दोन अंगे एकमेकांना भिडली असताना डोळ्यांना पुष्कळदा काही दिसतही नाही. समोर असतो तो प्रतिमल्लाचा खांदा किंवा माती. म्हणून मल्ल स्पर्शाने पाहायला शिकतो. प्रतिमल्लाच्या मनगटावर ठेवलेल्या बोटांना त्याच्या स्नायूंचा ताण कळतो. छातीला छाती लागली असता त्याचा भार कोणत्या पायावर गेला ते उमगते. बेसबॉलचा खेळाडू फेकणाऱ्याच्या खांद्यावरून चेंडू ओळखतो, तसा मल्ल पंजाच्या दाबावरून डाव ओळखतो. ही ओळख पुस्तकाने येत नाही. रोज तालमीत निरनिराळ्या जोडीदारांशी पकडी कराव्या लागतात. कधी आपल्याहून जड मल्लाशी, कधी चपळ पोराशी, कधी डावखुऱ्याशी. सहस्रावधी पकडींनंतर हात आपोआप उत्तर देऊ लागतो. विचार तेथेही असतोच. पण तो डोक्यातून उतरून हाडामासांत भिनलेला असतो.

आधुनिक काळात मल्लापुढे आणखी एक अवघड प्रश्न उभा राहिला. गावची कुस्ती मातीवर होते, तर जगाची कुस्ती गादीवर. मातीत पाय रुततो, हालचाल मंद होते, अंगाला लागलेल्या मातीमुळे पकड घट्ट बसते आणि जुन्या रीतीने प्रतिमल्लाची पाठ मातीला लागेपर्यंत झुंज चालू राहते. गादीवर सारे बदलते. पाय सहज सरकतो, घामाने अंग निसटते, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत कुस्ती संपते आणि चीत न करताही गुणांवर विजय मिळतो. मातीतला मल्ल दम राखून, प्रतिपक्षाला थकवून लढतो. गादीवर तसे लढणारा गुण गमावून बसतो. ज्या सवयीने गावात विजय मिळवला, तीच सवय परदेशी पराभवाला कारण होऊ शकते. म्हणून 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवलेले असून दोहोंतील विजेत्यांची अखेरची लढत होते.

या स्थित्यंतराची खरी कसोटी ज्यांनी पाहिली, ते कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. कराडच्या टिळक हायस्कुलातून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. देहयष्टी लहानखुरी, पण चपळाई विलक्षण आणि 'ढाक' हा डाव हुकमी. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते उतरले, तेव्हा गादी आणि तेथील नियम या दोन्ही गोष्टी त्यांना नव्या होत्या. तरीही आपल्या वजनगटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. निराश न होता त्यांनी पुढील चार वर्षे गादीवरच्या कुस्तीचा अभ्यास केला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता. तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी जमवली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांना हरवले. पुढे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली दीर्घ झुंज ते गुणांवर हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत रशियाच्या मल्लाशी लढावे लागले आणि नियमावर बोट ठेवून दाद मागण्यास त्यांच्या बाजूचा कोणी अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताला लाभलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडावे लागले. मायदेशी परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून लोकांनी त्यांचे स्वागत केले. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले आणि त्याच्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर गहाणातून सोडवले. पुढे त्यांनी पोलीस खात्यात नोकरी केली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर, २००१ साली. या चरित्रातून एक गोष्ट स्पष्ट होते. मल्ल एकटा लढताना दिसतो, पण तो एकटा कधीच नसतो. त्याच्यामागे वडील असतात, वस्ताद असतो, घर गहाण टाकणारा गुरू असतो. आणि नियम जाणणारा एखादा माणूस ऐन वेळी जवळ नसला, तर त्याचीही किंमत मल्लालाच मोजावी लागते.

गादीच्या कुस्तीने वजनाचाही एक नवा अभ्यास मल्लाच्या पाठीस लावला. गावच्या मैदानात वजनाचा काटा नसतो. तेथे पंच अनुभवी नजरेने बरोबरीची जोड लावतात. ऑलिंपिकमध्ये मात्र प्रत्येक गटाची मर्यादा ग्रॅमपर्यंत पाळली जाते. २०२४ साली पॅरिस येथे विनेश फोगट या भारतीय महिला मल्लाने पन्नास किलोच्या गटात अंतिम फेरी गाठली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वजन शंभर ग्रॅमने अधिक भरले आणि त्यांना अपात्र ठरवण्यात आले. शंभर ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाण्यांचे वजन. वजन उतरवावे तर शक्ती जाते, न उतरवावे तर स्पर्धा जाते. या दोहोंमधील अरुंद वाटेवरून मल्लाला चालावे लागते. त्याचा आहार म्हणजे नुसते भरपूर खाणे नव्हे, तर तो एक काटेकोर हिशेब आहे.

हिशेबाचा प्रश्न घरीही असतोच. मल्लाला दूध, तूप, बदाम, थंडाई असा खुराक लागतो आणि तो एक दिवस देऊन भागत नाही; वर्षानुवर्षे द्यावा लागतो. आटपाडीसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात शेतकऱ्याच्या घरी हे सोपे नाही. दुभत्या म्हशीचे दूध डेअरीला घालावे, तर चार पैसे मिळतात. पोराला द्यावे, तर पोरगा पैलवान होतो. पुष्कळ घरांनी दुसरी वाट धरली आहे. मल्लाची कमाई मुख्यतः जत्रांच्या हंगामातली. खरसुंडीच्या सिद्धनाथासारख्या देवस्थानांच्या यात्रा भरतात, जनावरांचे बाजार लागतात आणि गावोगाव कुस्त्यांचे फड रंगतात. लहान मुलांच्या कुस्त्या रेवडीवर किंवा नारळावर होतात. तेथून इनाम वाढत वाढत अखेरच्या मानाच्या कुस्तीपर्यंत जाते. पावसाळा लागला की मैदाने थांबतात, पण खुराक थांबत नाही. आणि एखाद्या कुस्तीत गुडघा निखळला, तर हंगामच काय, पुढचे सारे आयुष्यही बदलून जाते. मोडलेले कान हे मल्लाचे भूषण मानले जाते. पण मानेचा किंवा मणक्याचा आघात भूषण ठरत नाही. म्हणून चांगला वस्ताद शिष्याला पाडण्याआधी पडायला शिकवतो आणि डाव देण्यापूर्वी मानेचा व्यायाम देतो.

वस्ताद हाच या विद्येचा खरा ग्रंथ आहे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी मल्लविद्येला उदार आश्रय दिला आणि खासबागेचे भव्य मैदान उभारले, त्यामुळे गावोगावचे गुणी तरुण कोल्हापूरच्या तालमींत येऊ लागले. सांगली जिल्ह्यातील पुनवत गावचे गणपतराव आंदळकर हे त्यांपैकीच एक. १९६० साली ते 'हिंद केसरी' झाले. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन पद्धतीत सुवर्णपदक मिळवले. या पद्धतीत कमरेखाली पकड घेण्यास मनाई असते. पट आणि टांग यांवर वाढलेल्या भारतीय मल्लाला ती जवळजवळ परकी भाषाच. ती भाषा शिकून तिच्यात पहिला क्रमांक मिळवणे, हे बुद्धीचेच काम होते. त्याच स्पर्धेत सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी फ्रीस्टाइल पद्धतीत सुवर्णपदक पटकावले. पुढे आंदळकरांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून अनेक मल्ल घडवले. स्वतः कमावलेले बळ वार्धक्याबरोबर ओसरते. पण शिष्याला दिलेला डाव ओसरत नाही, कारण तो पुढच्या पिढीच्या अंगात जाऊन राहतो.

ही विद्या दीर्घकाळ केवळ पुरुषांची मानली गेली. ती समजूतही आता मोडत आहे. २०१६ साली रिओ येथे साक्षी मलिक यांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक जिंकले आणि २०२३ साली सांगली येथे झालेल्या महिलांच्या पहिल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी मानाची गदा मिळवली. कुस्ती जर निव्वळ दांडगाईचा खेळ असती, तर तो अशा रीतीने नव्या हातांत गेलाच नसता. ज्या खेळाच्या मुळाशी तोल, वेळ, स्पर्श आणि विचार आहेत, तो मन लावून शिकणाऱ्या कोणालाही शिकता येतो.

पुढच्या जत्रेत हलगी घुमू लागेल, मल्ल शड्डू ठोकतील, माती कपाळाला लावून एकमेकांना सलामी देतील. ती चिमूटभर माती ते प्रतिपक्षाच्या अंगावरही टाकतात. त्याच्या अंगावरची आपली पकड निसटू नये म्हणून.  खडाखडी चालू असताना गर्दी नेहमीप्रमाणे ओरडा करील. त्या वेळी मल्लाच्या चेहऱ्याकडे न पाहता त्याच्या पावलांकडे पाहावे. कोणते पाऊल केव्हा उचलले, भार कोठून कोठे गेला, हात कोठे थबकला, हे एकदा दिसू लागले की मग समोर झोंबणारी दोन शरीरे उरत नाहीत. एकमेकांचा कस पाहणारी दोन मने दिसू लागतात.